सदतिसाव्या दिवसाच्या चार ओळी

शेजारच्या हाज तय्यबला पुरून घरी येताना मोंजीने एक साधा निर्णय घेतला. आज नको, आठवड्याभराने विचारू. बस, एवढंच. यात चुकलं काय? त्याच्या जागी दुसरा कोणीही असता तरी त्याने हेच केलं असतं. फक्त दुसऱ्या कोणाचं वाटोळं झालं नसतं. मोंजीचं झालं.

काय विचारायचं होतं ते आधी सांगायला हवं.

तेस्तूर गावात मालूफ, म्हणजे वाडवडिलांची जुनी गाणी, गाणं ही काही कौतुकाची गोष्ट नाही. पूर्वजांना समुद्रापलीकडच्या अंदलुसातून हाकललं तेव्हा ते भांडीकुंडी तिकडे टाकून आले आणि गाणी तेवढी घेऊन आले. (भांडी आणली असती तर निदान कामाला तरी आली असती.) गावाच्या मालूफ मंडळात अडतीस माणसं. त्यात न्हावी आहे, पोस्टातला आहे, दोन मास्तर आहेत, कसाई आहे. गाऊन कोणाला काही मिळत नाही. घरी बोलणी मात्र सगळ्यांना मिळतात.

मोंजी नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या खिडकीत बसणारा कारकून. वय एक्कावन्न. मंडळात बावीस वर्षं शेवटच्या रांगेत, खांबाच्या मागे. मालूफ सगळे मिळून एका आवाजात गातात, त्यामुळे अडतिसातला एक बेसूर असला तर ते देवालाही कळत नाही. मोंजीचं बावीस वर्षं देवाला कळलं नव्हतं.

आणि या बावीस वर्षांत घराचं काय झालं? पोराची सुंता होती त्या दिवशी मोंजी दुसऱ्याच्या पोराच्या सुंतेत गात होता. मेहुण्याच्या लग्नाला हा जेवणं आटोपल्यावर पोचला, कारण तालीम होती. एका वर्षी हरिस्साच्या, म्हणजे वर्षाच्या तिखट चटणीच्या, मिरच्या छपरावरून उतरवायला त्याच्या बायकोने, झकियाने हाक मारली. "आलोच," म्हणून गेला, तो तीन तासांनी गुणगुणत आला. तोवर वावटळ येऊन गेली होती. त्या वर्षी घरात हरिस्सा विकतचा. तेस्तूरमध्ये विकतचा हरिस्सा खाणं म्हणजे काय, ते तेस्तूरच्या बाईला विचारावं. झकिया अजून शेजारणींना डबा दाखवत नाही.

तर असा हा माणूस. आणि याला यंदा, जुलैतल्या जलशात, चार ओळी मिळाल्या. एकट्याने गायच्या! सदतीस जण गप्प, वाद्यं हळू, आणि मोंजी एकटा. हा मान कसा मिळाला? त्या ओळी जो म्हातारा म्हणायचा त्याचे पुढचे सगळे दात काढावे लागले. मंडळाचे प्रमुख शेख हसूना (पोटापाण्यासाठी औषधांचं दुकान चालवतात) यांनी जुन्या माणसांवर नजर फिरवली, तर दातांसकट हजर असा मोंजीच निघाला. गुरुवारी तालमीत त्यांनी मानाचं 'सी' लावून जाहीर केलं, "सी मोंजी, या ओळी आता तुमच्या." मोंजी घरी पळत आला आणि अंगणातूनच ओरडला, "झकिया, मिळाल्या! चार ओळी मिळाल्या!"

"काय मिळालं?" झकिया स्वयंपाकघरातून म्हणाली. "टोमॅटो आणायला सांगितले होते ते मिळाले का?"

ते गुरुवारचं. शनिवारी सकाळी शेजारचा हाज तय्यब वारला.

आजारी होताच. पण आजारी माणसं काय, वर्षानुवर्षं आजारी असतात! गल्लीत कोणी गेलं की चाळीस दिवस त्या गल्लीत गाणं बंद. रेडिओसुद्धा हळू. आणि ज्याची भिंत मयताच्या भिंतीला लागून आहे त्याने तर गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊनही गायचं नाही. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही. पण कागदावर लिहिलेलं तरी कोण पाळतं? मोंजीने बोटांवर मोजलं. जलसा सदतिसाव्या दिवशी पडत होता. पुन्हा मोजलं. बोटं तीच, दिवस तेच.

सोमवारी हाजचा मृत्यू वहीत चढवायला मोंजीच्याच खिडकीत आला. लेखणी हातात धरून तो पंधरा मिनिटं बसला. तारीख चार दिवस मागे टाकली की काम झालं. खोटं कशाला सांगा, तसं मनात आलंही. पण त्या चार दिवसांत हाजने डॉक्टरला दोनदा खिडकीतून शिव्या घातल्या होत्या आणि त्या अख्ख्या गल्लीने ऐकल्या होत्या. मोंजीने खरी तारीख लिहिली आणि वही अशी आपटली की रांगेतल्या बाईच्या कडेवरचं पोर रडायला लागलं.

वाट मात्र एक होती. मयताच्या घरातल्या माणसाने आपल्या तोंडाने "जा, गा" म्हटलं की सगळं मोकळं. लोक अशी परवानगी घेऊन लग्नंसुद्धा लावतात. शेख हसूनांनीही सांगितलं, "सी मोंजी, मन्नूबियाकडून शब्द आणा, ओळी तुमच्याच. तोवर तालमीला या, पण तोंड मिटून बसा." मन्नूबिया म्हणजे हाजची थोरली बहीण. हाजची बायको कधीच गेलेली, मुलगा रिधा कामाला दूर सूस शहरात, त्यामुळे घरात ही दोघं बहीण-भाऊच राहत. वय शहात्तर, कान शाबूत, जीभ शाबूत. सगळी गल्ली तिला खाल्ती म्हणते, म्हणजे मावशी.

"आत्ता जाऊन विचारून येतो," घरी आल्यावर मोंजी झकियाला म्हणाला. आठवडाभर थांबायचा निर्णय तो विसरला होता.

"बस खाली!" झकिया म्हणाली. "अरे माणसा, माती ओली आहे अजून. आठ दिवस तरी जाऊ देत."

"आठ दिवसांनी मी ठरवलेलंच होतं."

"आणि चार माणसांत विचारू नकोस. ती एकटी असताना विचार. चार माणसांत विचारलं तर तिला नाही म्हणता येणार नाही, आणि मग गाव म्हणेल, याने गळा दाबून हो म्हणवून घेतलं."

"बरं."

"आणि रिकाम्या हाताने जायचं नाही."

"म्हणजे काय न्यायचं?"

"म्हणजे मी शिजवायचं आणि तू न्यायचं," झकिया म्हणाली. "लग्न झाल्यापासून दुसरं काय चाललंय?"

आठव्या दिवशी मोंजी कुसकुसचं (वाफवलेल्या जाड रव्याचं) ताट घेऊन गेला. वर मटणाचे सहा तुकडे, भोपळा, चणे. दार उघडलं तर आत एकवीस माणसं. हाजचे कुठलेकुठले नातेवाईक ट्रकमधून आलेले. मोंजीला मध्यभागी जागा मिळाली. कोणीतरी हाजचे गुण सांगत होतं. (गुण सांगायला माणूस मरावा लागतो, जिवंतपणी त्याच लोकांनी हाजला 'कडू बदाम' नाव ठेवलं होतं.) मोंजीचं तिकडे लक्ष नव्हतं. तो मनात मोजत होता. आज आठ. म्हणजे उरले एकोणतीस. चार ओळी, त्यातली तिसरी अवघड, श्वास पुरत नाही. सराव कुठे करायचा? घरात करायचा नाही, छपरावर करायचा नाही. बावीस वर्षांनी एकदा दार उघडलं आणि त्यात याला मरायचं सुचलं! हा विचार आला आणि मोंजीचे डोळे भरले. एक थेंब नाकावरून घरंगळून कुसकुसमध्ये पडला.

एकवीस माणसांनी तो पडताना पाहिला.

"बघा," ट्रकमधून आलेला एक म्हातारा हळूच म्हणाला. "सख्ख्या भाच्यांच्या डोळ्यांत टिपूस नाही, आणि हा शेजारी."

"काही लागत नव्हता हो तो हाजचा," दुसरा म्हणाला. "नुसती भिंत लागायची."

खाल्ती मन्नूबियाने मोंजीकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाली, "पोरा, पाणी पी."

त्या दिवशी विचारणं झालं नाही.

दहाव्या दिवशी पुन्हा ताट. या वेळी खाल्ती एकटी होती. मोंजीने घसा साफ केला. "खाल्ती, मला जरा एक विचारायचं होतं."

"विचार की. पण आधी तेवढा गॅसचा सिलिंडर आत घे. रिकामा झालाय."

मोंजीने रिकामा बाहेर नेला (रिकामा असून जड लागला), भरलेला आणला, लावला. घाम पुसून म्हणाला, "खाल्ती, तर मी म्हणत होतो..."

"तू म्हणशील ते खरं रे बाळा. हाजच्या मृत्यूचे दाखले लागतील ना? पेन्शनला, बँकेला, विजेच्या मीटरला, जमिनीला. किती लागतील?"

"दहा-बारा."

"मग आणतोस उद्या?"

दुसऱ्या दिवशी मोंजी बारा दाखले घेऊन गेला. ते पाहून खाल्ती म्हणाली, यात आमच्या बापाचं नाव चुकलंय. नाव चुकलेलं नव्हतं, पण तिला तसं वाटलं, म्हणून तो परत गेला आणि जुन्या वहीतली नक्कल घेऊन आला. मग नळ गळत होता. मग अंगणातल्या लिंबाला आळं करायचं होतं. मग हाजचे बूट घालून बघ म्हणाली, तुझ्या पायाचे दिसतात. पायाचे नव्हते. दोन आकडे लहान. तरी "हाजची आठवण" म्हणून त्याला ते घालून घरी यावं लागलं, आणि गल्लीने पाहिलं: मोंजी हाजचे बूट घालून लंगडत चाललाय, डोळ्यांत पाणी. (बूट चावत होते.)

"विचारलंस?" झकिया रोज विचारायची.

"आज विचारणारच होतो. पण तिने दिवाणाचा पाय ठोकायला सांगितला."

"आपल्या दिवाणाचा पाय गेली चार वर्षं मोडलाय, माणसा. त्याखाली वीट आहे. तुझ्या चार ओळींनी आतापर्यंत माझं पाच किलो मटण खाल्लं. चार ओळी आहेत का चार लांडगे?"

मोंजीने वाकून वीट नीट सरकवली.

असे एकवीस दिवस गेले. आणि सराव शून्य. तालमीत तो तोंड मिटून बसायचा, आणि शेजारी बसलेला लमीन ऐटीत गायचा. हा लमीन गाडी चालवायला शिकवतो. वय तेहतीस, मंडळात चार वर्षं, दात सगळे पांढरे. मोंजीला त्याचे दात बघवत नसत.

शेवटी मोंजीने जागा शोधली. गावाबाहेर, कबरस्तानच्या मागे, डाळिंबाची बाग आहे. दुपारी दोन वाजता, जुलैच्या उन्हात, तिथे गाढवसुद्धा थांबत नाही. कचेरीतून जेवायला सुट्टी झाली की मोंजी तिकडे जायचा. कबरस्तानच्या भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून, एक हात कानावर ठेवून चार ओळी म्हणायचा. शोकात गातोय हे कोणाला कळलं तर गावात राहायची सोय नाही. पण कळणार कोणाला? जिवंत माणूस आसपास नव्हता. तिसऱ्या ओळीला श्वास पुरत नसे, आवाज चिरत वर जाई आणि मध्येच फुटे. मग तो पुन्हा सुरू करी. मग पुन्हा फुटे. असे सहा दिवस.

एक गोष्ट मोंजीच्या ध्यानात आली नाही. जिथे जिवंत माणूस नसतो, त्याच रस्त्यावर लमीन आपल्या शिकाऊ बायकांना गाडी चालवायला नेतो. तिथे त्यांनी कोणाला ठोकायची शक्यता कमी.

अठ्ठाविसाव्या दिवशी शुक्रवार होता. दुपारच्या नमाजानंतर मोंजी घरी येऊन चप्पल काढतो न काढतो तोच दारावर थाप पडली. उघडलं तर शेख हसूना. मागे कसाई, पोस्टातला, दोन्ही मास्तर, न्हावी. आणि लमीन. सगळे इस्त्रीच्या कपड्यांत, माना खाली. कसायाच्या हातात साखरेचा पुडा आणि कॉफी.

"कोण गेलं?" मोंजी घाबरून म्हणाला.

शेख आत आले आणि त्यांनी मोंजीला मिठी मारली. मग कसायाने मारली. कसायाची मिठी सुटायला वेळ लागला. झकिया पडद्याआड कॉफीचं भांडं हातात घेऊन उभी राहिली.

सगळे बसले. (मोंजी विटेवरच्या दिवाणावर बसला.) शेखांनी घसा साफ केला.

"सी मोंजी, तुम्ही बोलत नाही, पण आम्हाला सगळं कळलंय."

मोंजी दिवाणावरून अर्धा उठला. कळलं! आता मंडळातून काढणार. गल्लीत तोंड दाखवता येणार नाही. "शेख, मी त्याचं असं..."

"काही सांगू नका. लमीनने डोळ्यांनी पाहिलं."

लमीन मान खाली घालून म्हणाला, "सी मोंजी, मला बघायचं नव्हतं हो. गाडीत एक शिकाऊ बाई होत्या, त्यांनी आधी पाहिलं. त्यांनी ब्रेकच दाबला. चार दिवस बघतोय. कबरस्तानच्या भिंतीला टेकून तुम्ही... असा आक्रोश मी जन्मात ऐकला नाही. त्या बाई तर परवापासून शिकायला येत नाहीत."

"आक्रोश?" मोंजी म्हणाला.

"जनावरासारखा," लमीन म्हणाला. त्याचा स्वतःचा आवाज जड झाला होता. "मध्येच थांबायचा. पुन्हा सुरू. माझे वडील गेले तेव्हा मला असं रडता आलं नाही, सी मोंजी. लाज वाटली मला."

पोस्टातल्याने डोळे पुसले. दोघा मास्तरांनी एकाच वेळी नाक शिंकरलं.

मोंजीचं तोंड उघडलं. सांगायचं होतं त्याला, की अरे गाढवांनो, ते तुमचंच गाणं होतं! त्याच चार ओळी होत्या! बावीस वर्षं ऐकताय, तुम्हाला ओळखू आल्या नाहीत? पण हे सांगायचं म्हणजे काय सांगायचं? भिंतीला भिंत असलेला शेजारी मरून महिना झाला नाही, आणि मी त्याच्या कबरीपाशी उभा राहून गात होतो? तोंड उघडं राहिलं.

"बघा," कसाई हळूच म्हणाला. "शब्द फुटत नाही बिचाऱ्याच्या तोंडून."

"म्हणून आम्ही ठरवलं," शेख म्हणाले, "की हे ओझं तुमच्या डोक्यावर ठेवायचं नाही. अशा दुःखात तुम्हाला एकट्याने गायला लावणं म्हणजे क्रूरपणा. त्या ओळी यंदा लमीन म्हणेल. तुमच्या नावाने म्हणेल. तुम्ही काही काळजी करू नका."

"पण खाल्ती जर हो म्हणाली," मोंजी कसाबसा म्हणाला. "तिने जर शब्द दिला..."

शेखांनी त्याचा हात हातात घेतला. "बघा! अजूनही मंडळाचाच विचार. सी मोंजी, तिने शब्द दिला तर आहेतच ओळी तुमच्या. मी दिलेला शब्द फिरवत नाही. पण तुम्ही तिला विचारायला जाल का? तुम्ही? या अवस्थेत?"

पडद्याआडून भांडं पडल्याचा आवाज आला. झकिया हसत होती का रडत होती ते मोंजीला कळेना. सगळे गेल्यावर कळलं. ती जमिनीवर बसून हसत होती, आणि हसता हसता तिला खोकला लागला होता.

"जनावरासारखा!" ती म्हणाली.

"झकिया, माझं आयुष्य संपलं आणि तू हसतेस?"

"अरे माणसा, ऊठ आणि आत्ता जा. जे असेल ते सरळ सांग. ताट नको, सिलिंडर नको. जा आणि विचार!"

पण मोंजी गेला नाही. आता काय तोंडाने जायचं? गावात तर नवीनच सुरू झालं. मशिदीबाहेर लोक त्याला वाट द्यायला लागले. कचेरीत साहेबाने खुर्चीसाठी उशी पाठवली. चहावाल्याने चहात साखर आपणहून जास्त घातली. रस्त्यात एक अनोळखी बाई त्याला म्हणाली, "देव धीर देवो." आणि मोंजी प्रत्येकाला "अल्लाची मर्जी" म्हणत राहिला. तालमीला जायची सोय उरली नाही. गेला की सगळे उभे राहायचे आणि त्याला पंख्याखाली बसवायचे. तिथून तो लमीनला त्याच्या चार ओळी म्हणताना ऐकायचा. लमीनला तिसऱ्या ओळीत श्वास पुरत होता. वर उरत होता.

छत्तिसावा दिवस उजाडला. शनिवार. दुसऱ्या दिवशी जलसा. सकाळी झकियाने त्याच्या हातून पेपर काढून घेतला.

"ऐक," ती म्हणाली. आवाज आज चेष्टेचा नव्हता. "बावीस वर्षं मी या गाण्याला शिव्या घातल्या. पुढेही घालीन. पण तू त्या दिवशी अंगणातून ओरडत आलास ना, तसा मी तुला लग्नातसुद्धा बघितला नव्हता. जा. नाही म्हणाली तर नाही म्हणेल. निदान विचारलं तरी म्हणता येईल."

मोंजी उठला. हातात ताट नव्हतं. तरी गेला.

खाल्ती मन्नूबिया अंगणात अंजिरं निवडत बसली होती. मोंजीने उंबऱ्यातूनच सुरुवात केली, म्हणजे ती मध्ये काम सांगायच्या आत संपेल.

"खाल्ती, मला आज काही काम सांगू नकोस. मी रोज येतो तो हाजसाठी येत नाही. मी तुझी परवानगी मागायला येतो. उद्या जलसा आहे, माझ्या चार ओळी आहेत, बावीस वर्षांनी मिळाल्यात. मी कबरस्तानाजवळ रडत नव्हतो, गात होतो. चुकलं. पण तू 'गा' म्हणालीस तर शेख ओळी परत देतील. एवढं एक म्हण. दुसरं काही मागत नाही."

एका दमात झालं. बावीस वर्षांत त्याचा श्वास इतका कधी पुरला नव्हता.

खाल्तीने हातातलं अंजीर खाली ठेवलं.

"बस," ती म्हणाली.

मोंजी बसला.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे तू कशाला येतोस. ते ट्रकवाले फसले, मी नाही. म्हणून तर रोज तुला काही ना काही काम काढायची. तू तोंड उघडलंस की सिलिंडर. सिलिंडर भरलेला होता रे. मीच तो रिकामा म्हणून सांगितला."

"का पण, खाल्ती? एका शब्दाचा तर प्रश्न होता."

"कारण मला नाही म्हणायचं नव्हतं. तू गुणाचा पोरगा आहेस. नळ छान केलास." तिने पदराने हात पुसले. "पण हाजने माझ्याकडून शपथ घेतली होती."

"कसली शपथ?"

"त्या गुरुवारी तू अंगणातून ओरडलास ना, चार ओळी मिळाल्या म्हणून? इकडे सगळं स्पष्ट ऐकू आलं. हाज पडलेला होता. डोळे उघडले, मला म्हणाला, 'मन्नूबिया, एकट्याने म्हणजे? सगळ्यांबरोबर नाही?' मी म्हटलं, एकट्याने. मग माझा हात धरला. म्हणाला, 'मी गेलो की हा विचारायला येईल. गल्लीत सगळ्यांना परवानगी दे. कोणाला लग्न करायचं करू दे, ढोल वाजवू दे. याला देऊ नकोस. बावीस वर्षं मी भिंतीला कान लावून नाही, भिंतीला पाठ करून झोपलो, तरी ऐकलं. मला माझे चाळीस दिवस हवेत. माझ्या हक्काचे आहेत.' कुराणावर हात ठेवायला लावला मला." ती थांबली. "आणि शनिवारी गेला. डॉक्टर म्हणतात, वय झालं होतं. मी काही म्हणत नाही."

मोंजी उगाच अंजिरं मोजायला लागला. मेलेल्या माणसाची शपथ. यापुढे शेख नाही, काजी नाही, कोणी नाही. चार ओळी गेल्या. लमीनच्या पांढऱ्या दातांमध्ये गेल्या.

खाल्तीला त्याची दया आली. तिने दोन अंजिरं त्याच्या हातात कोंबली.

"असं तोंड करू नकोस. चारच दिवस राहिलेत. एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी उठ आणि पोटभर गा. छपरावर जाऊन गा. माझी काही हरकत नाही."

"खरंच?" मोंजी म्हणाला. बुडत्या माणसाला काहीही पुरतं. "तुला त्रास नाही व्हायचा?"

"मला कसला त्रास? मी त्या दिवशी पहाटेच्या गाडीने सूसला चाललेय, रिधाकडे. कायमची."

"कायमची? पण तू तर म्हणत होतीस, जन्म गेला या घरात, मरेन तर इथेच मरेन?"

"म्हणत होते," खाल्ती मन्नूबिया म्हणाली आणि पुन्हा अंजिरं निवडायला लागली. "पण हाज होता तोवर आम्ही दोघं वाटून ऐकायचो रे बाळा. एकटीला नाही झेपायचं."